गाडी अकोल्याला दहा मिनिटं थांबते

माझ्या मोठेबाबांनी एकूण एक्केचाळीस चित्रपटांत काम केलं. त्यांपैकी सात पडले, दोन अर्धवट राहून डब्यात गेले आणि बत्तीस चालले. यांतला एकही कुठल्या थेटरात लागला नाही, कारण एकही निघालाच नव्हता. आकडे मात्र बरोबर आहेत. वही अजून माझ्याकडे आहे, अमरावतीच्या आमच्या घरात, कपाटाच्या वरच्या खणात, घरपट्टीच्या पावत्यांखाली. माझ्या मुलांनी एकदा विचारलं की ही कसली यादी, तेव्हा मी म्हटलं, तुमच्या मोठ्या आजोबांच्या चित्रपटांची. त्यांनी मोबाइलवर शोधून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेनं बघितलं की मी वही परत वर ठेवून दिली. ते नीट सांगायला हवं होतं. आता सांगते.

मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं घराणं मूळचं अमरावतीचं. तिथे तरुणपणी मोठेबाबा नाटकांत कामं करत. एका प्रयोगाला मुंबईच्या एका चित्रपट कंपनीचा माणूस आला होता. त्यानं मोठेबाबांचं काम पाहिलं आणि महिन्याभरानं पत्र पाठवलं, की येऊन भेटा. बावीस वर्षांचे मोठेबाबा एक पत्र्याची पेटी आणि फिरकीचा पितळी तांब्या घेऊन बडनेऱ्याला गाडीत बसले. पेटीत दोन जोड कपडे, आरसा आणि ते पत्र. अकोला आलं तेव्हा ते पाणी भरायला उतरले. नळावर असतानाच गाडी सुटली. पेटी मुंबईला गेली आणि मोठेबाबा अकोल्यात राहिले. पत्ता पत्रावर होता आणि पत्र पेटीत. दोन-तीन दिवस थांबून काहीतरी करू म्हणून ते कापसातली सरकी काढणाऱ्या एका जिनिंगमध्ये कामाला लागले, ते तिथेच राहिले. तिसऱ्या वर्षी जुन्या शहरातल्या एका मुलीशी त्यांचं लग्न झालं. ती माझी मोठीआई. त्यांना मूल झालं नाही. माझे आईवडील बाळापूरकडच्या खेड्यात शेती करत, तिथे चौथीपुढे शाळा नव्हती, म्हणून पाचवीपासून मी मोर्णा नदीच्या अलीकडच्या त्या दोन खोल्यांच्या घरात, कडुलिंबाच्या अंगणात वाढले.

जिनात मोठेबाबांचं काम कापसाची प्रत पाहण्याचं. गाडीतून मूठभर कापूस उचलायचा, दोन्ही अंगठ्यांत धरून हलकेच ओढायचा, तंतू किती लांब निघतो ते पाहायचं आणि प्रत सांगायची. बोलतानाही त्यांचे हात तेच करत. कुणाबद्दल काही सांगायचं झालं की आधी दोन अंगठे जवळ येत, मग हळूहळू लांब जात, आणि मधल्या हवेत खरोखर काहीतरी ताणलेलं दिसे. मला वाटतं, अख्ख्या अकोल्यात त्यांच्याइतकं सावकाश बोलणारा माणूस नव्हता. आमच्या वऱ्हाडी बोलीला लोक रांगडी म्हणतात. त्यांनी मोठेबाबांना ऐकायला हवं होतं.

वर्षाला एक चित्रपट, आणि तो आखजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या आधी, सरगुंड्यांच्या वेळी. सरगुंडे आता पाकिटातही मिळतात म्हणे. आमच्याकडे गव्हाची कणीक घट्ट मळून, मुरवून, तिची लांब बारीक दोरी वळायची आणि काडीवर गोल गोल गुंडाळत न्यायची. काडी अलगद काढून घेतली की पोकळ वेटोळं उरतं. ते वाळवून ठेवायचं आणि आखजीला शिजवून आंब्याच्या रसात खायचं. हे काम एकट्यादुकट्याचं नाही. मोठीआईनं बोलावलं की गल्लीतल्या सात-आठ बायका दुपारी आमच्या पडवीत जमत. बाहेर ऊन असं की अंगणातलं कुत्रंसुद्धा माठाच्या तिपाईखाली जाऊन झोपे. पडवीला ओलं गोणपाट लावलेलं, त्यातून येणारा ताडपत्रीसारखा वास, सुपातली कोरडी कणीक, आणि बाजेवर पाय वर घेऊन बसलेले मोठेबाबा. बायकांचे हात चालू झाले की ते गोणपाटाकडे बघत म्हणत, "तं त्या दिवशी मी अकोल्याले उतरलोच नाई."

तिथून चित्रपट सुरू होई. चित्रपटाचं नाव कधी नसे. टांगेवाल्याचा, दोन विहिरींचा, मुक्या मास्तराचा, असं बायकाच म्हणत. पहिलं परातभर पीठ संपलं की मध्यंतर. तेव्हा भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि पन्हं. एखाद्या वर्षी गहू कमी असला तर चित्रपटही आखूड व्हायचा. नुसती कथाच नाही, तर चित्रीकरणात काय झालं, समुद्राकडची त्यांची खोली कशी, दिग्दर्शकाशी कशावरून बिनसलं, हेही ते सांगत. आणि त्यात ते प्रामाणिक होते. पडलेला चित्रपट पडला म्हणून सांगत. तेविसाव्या चित्रपटापासून त्यांनी नायकाची कामं बंद करून थोरल्या भावाची घेतली, तेव्हा बायकांनी फार गलका केला म्हणतात. मोठेबाबा म्हणाले होते, "आता झाडाभवती फिरलो तं माहे गुडघे गान्याच्या वर वाजतीन." पुढे वडील, मग मुनीम, मग वकील अशी कामं येत गेली. आयुष्याला जसं वय येतं तसं त्या न झालेल्या आयुष्यालाही त्यांनी येऊ दिलं. इतका चोख हिशेब मी नंतर फार कमी लोकांत पाहिला.

वही मी अकराव्या वर्षी सुरू केली. तो चौतिसावा चित्रपट होता. आधीचे तेहतीस मी बायकांना विचारून विचारून लिहून काढले. एखादीला शेवट आठवे, दुसरीला फक्त घोड्याचा रंग. दोघींचं जुळेना तेव्हा मी तिसरीकडे जाई. त्यावरून बायका मला तलाठीणबाई म्हणू लागल्या. शेजारची जुबेदाचाची तर मला वाटेत थांबवून म्हणे, "तलाठीनबाई, अठराव्या नंबरात गाने चार होते, तू तीन लिखी क्या?" चाची स्वतः ईदच्या शेवया घरी करायची, तिचा हात सगळ्यांत बारीक. सरगुंड्यांना ती आपला पाट घेऊन यायची आणि गाण्याशिवाय चित्रपट तिला चालत नसे.

मोठीआईबद्दल मी अजून काही लिहिलं नाही, हे माझ्या लक्षात आलं आहे. तिच्याबद्दल तेव्हाही कुणी काही म्हणत नसे. ती पीठ मळायची, पाट मांडायची, ओल्या सरगुंड्यांची सुपं उन्हात नेऊन ठेवायची. चित्रपट चालू असताना ती बोलत नसे. तिचे सरगुंडे मात्र एकसारखे असत. मी एकदा मोजून पाहिलं होतं, प्रत्येकाला नऊ वेढे.

बारावीनंतर मी अमरावतीला कॉलेजात गेले. विषय संख्याशास्त्र. तिथे मला रकाने पाडायला शिकवलं आणि मला जग नव्यानं दिसायला लागलं. पहिल्या वर्षाच्या सुट्टीत आखजीसाठी अकोल्याला आले ती वही नव्यानं मांडूनच. क्रमांक, भूमिका, गाणी, चालला की पडला, आणि शेवटचा रकाना, मुंबईचं घर. गावाकडे ती वर्षं वाईट होती. माझ्या बाबांनी दुबार पेरणी केली होती. मी शाळेत जाताना जिनाबाहेरच्या कापसाच्या गाड्या मोजायची, एका सकाळी चौसष्ट भरल्या होत्या; त्या हिवाळ्यात एका सकाळी मोजल्या तर नऊ. घरात यावर कुणी बोलायचं नाही. पण त्या साली पडवीत बायका नेहमीपेक्षा जास्त जमल्या, हे मी मोजलं होतं. अकरा.

तो एक्केचाळिसावा चित्रपट. मोठेबाबा न्यायाधीश झाले होते.

"बसल्या जागचं काम हाये," ते म्हणाले. "गुडघ्याले आराम."

"और गाना?" जुबेदाचाची.

"जज काहून गाईन, जुबेदा? कोर्ट भरून राहिलं."

"कोर्ट छूटने के बाद गाएगा ना भाई. घर जा के."

मोठेबाबांचे अंगठे जवळ आले, लांब गेले. "घरी जाऊन गातो," त्यांनी मान्य केलं. "घरी कोनी नसते म्हनूनच गातो. जजाची बायको वारेल असते."

बायकांनी चुकचुक केलं. मी वहीत न्यायाधीशाचं गाणं लिहिलं, आणि शेवटचा रकाना पाहून विचारलं, "आणि तुमची, मोठेबाबा? मुंबईत तुमची बायको कोण?"

"मुंबईत कुठं व बाई फुरसत होती लग्न कराले!"

सगळ्या हसल्या. मोठीआईही हसली. तिथे थांबले असते तर ते हसण्यावारी गेलं असतं. पण रकाना रिकामा सोडणं मला जमत नसे, आजही जमत नाही. मी म्हटलं, "म्हणजे सगळ्या एक्केचाळीस चित्रपटांत 'नाही' लिहू?"

"लिह ना," मोठेबाबा कथेच्या तंद्रीत म्हणाले.

मी पहिल्या ओळीत 'नाही' लिहिलं आणि खाली चाळीस वेळा 'वरीलप्रमाणे'च्या दोन-दोन खुणा केल्या. मोठीआई माझ्या शेजारी बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. पण वरून खालपर्यंत एकसारखी जाणारी ती रांग तिनं पाहिली, आणि रांग कशाची ते तिनं ऐकलंच होतं. तिनं हातातली काडी खाली ठेवली, पुन्हा उचलली. त्या दुपारचे तिचे सरगुंडे मी दुसऱ्या दिवशी सुपातून उचलले तेव्हा हाताला जाड लागले. कुणाला सहा वेढे, कुणाला अकरा.

तिच्या माहेरच्या गल्लीतून रोज नदी ओलांडून जिनात जाणारा जो तरुण तिनं पाहिला असेल, तो एक्केचाळीस वर्षांपैकी अडतीस वर्षं तिच्याच पडवीत बसून, तिच्याच हातचं पन्हं पीत, ती जिथे नाही असं आयुष्य सांगत होता. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. फक्त ते कुणी मांडून दाखवलं नव्हतं.

त्या दिवाळीला जिन उघडलंच नाही. कापूस येत नाही तर प्रत कशाची पाहायची. मोठेबाबा सकाळी नेहमीच्या वेळी धोतर-सदरा घालून तयार होत आणि बाजेवर बसत. मी सुट्टीत जाई तेव्हा घरातले आवाज मोजण्याइतके उरलेले असत. माठावरचं झाकण, पलीकडून जुबेदाचाचीच्या शिलाई मशीनची घरघर. फाल्गुनात मोठीआईनं बायकांना निरोप दिला, की यंदा सरगुंडे करत नाही, आखजीले बाजारातून शेवया आणू. विकतच्या शेवया आणि आमच्या घरात. होळीला मी आले तेव्हा जुबेदाचाची मला बाजूला घेऊन म्हणाली, "क्या हुआ बेटा? भाभी बिमार है क्या?" मी नाही म्हटलं. खरं काय ते मला माहीत होतं. मोठेबाबांच्या दोन नोकऱ्या होत्या. एक हंगामानं नेली, दुसरी मी.

चैत्रात मी आले तेव्हा मोठीआई म्हणाली, "हे दुपारचे जातेत कुठंतरी. तांब्या घेऊन जातेत. पाह्य बरं कुठं जातेत ते." मी निघाले तेव्हा तिनं दारातून पुन्हा हाक मारली. "आन गाडीत बसून राह्यले असतीन तं आडवू नको."

तिला काय वाटलं होतं ते मला तेव्हा कळलं. त्रेसष्ट-चौसष्ट वर्षांचा माणूस आता खरंच मुंबईला जाईल, असं तिला वाटत होतं.

ते स्टेशनवरच होते. फलाटाच्या टोकाला, नळाजवळच्या बाकावर, मांडीत फिरकीचा तांब्या. उन्हानं रूळ हलत असल्यासारखे दिसत होते. मी शेजारी बसले. त्यांना माझं नवल वाटलं नाही. मुंबईकडे जाणारी एक गाडी आली. लोक उतरले, चढले, खिडक्यांतून हात बाहेर आले, केळीवाला पळाला. मोठेबाबा उभे राहिले. मीही उभी राहिले. मग गाडी हलली आणि ते खाली बसले.

"पाच मिनिटं," ते म्हणाले. "आता पाचच थांबते. तवा इंजिनाले पानी लागे. दहा थांबत होती."

"तुम्हाला जायचं आहे का, मोठेबाबा?"

त्यांनी तांब्याची फिरकी उघडली, लावली. "पेटी गेली ना. समदे पिक्चर तिनंच केले समज. मी कुठं गेलतो!" आणि तांब्या बाकावर ठेवून, "घरी हे बोलता नाई येत आता. तोंड उघडलं की तिच्याकडं पाहा लागते."

घरी येऊन मी मोठीआईला सगळं शब्दन् शब्द सांगितलं. मला दुसऱ्या प्रकारे सांगता येत नाही. ती ऐकत ऐकत तांदूळ निवडत होती. शेवटचं वाक्य ऐकून तिनं सूप बाजूला ठेवलं. मग उठून माळ्यावरचा पाट काढला, झटकला, आणि परातीत कणीक घेतली. कुणाला बोलावलं नाही. मोठेबाबा मागाहून आले, त्यांनी पाट पाहिला, पाय धुतले आणि बाजेच्या कडेवर पाहुण्यासारखे बसले. पीठ मुरायला ठेवून मोठीआईनं काड्या पुसून घेतल्या. ओलं गोणपाट त्या वर्षी लावलेलंच नव्हतं, त्यामुळे अंगणातलं ऊन पडवीत थेट येत होतं आणि पिठाचे कण त्यात तरंगत होते.

मोठीआईनं पहिली दोरी वळली. "बोला," ती म्हणाली.

"काय बोलू?"

"गाडी किती वेळ थांबली व्हती अकोल्याले?"

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मोठीआईही माझ्याकडे वळली. "तू सांग, तलाठीन."

"दहा मिनिटं," मी म्हटलं.

"आन हे नळावर व्हते. मंग गाडी सुटली तं पळाले काहून नाई? पोरगं व्हतं बावीस वर्साचं."

हा प्रश्न मी वहीत कधी मांडला नव्हता. मोठेबाबांचे अंगठे जवळ आले आणि तसेच राहिले.

"तांब्या अर्धाच भरला व्हता," ते म्हणाले.

मोठीआई हसली. मागच्या वर्षीसारखी नाही. दात दिसले. हसता हसता तिच्या हातातली दोरी तुटली, तिनं ती पुन्हा जोडली आणि काडीवर घेतली. "बरं. उतरू नका. गाडीतच राहा. दहा मिनिटं थांबते ना गाडी? दहा मिनिटात मानूस चढू शकते का नाई?"

"चढू शकते."

"मंग चढली मी."

मी मोठेबाबांकडे बघत होते. ते बाजेच्या कडेवर, मधोमध बसले होते. हळूच, हातानं सदरा सावरून, ते एका बाजूला सरकले. गर्दीच्या डब्यात आपण कुणाला जागा करून देतो तसे. मोठीआई उठली नाही, तिचे हात पिठाचे होते. पण तिनं त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि म्हणाली, "खिडकी मले पायजे."

"घे," मोठेबाबा म्हणाले आणि अजून सरकले.

आधीच्या एक्केचाळीस वेळा गाडी अकोल्याहून निघाली की पुढच्या वाक्यात मुंबई यायची. मधे काही नसे. त्या दिवशी मोठेबाबांनी गाडी सोडली आणि ती प्रत्येक स्टेशनला थांबली. गायगाव आलं. पारस आलं. शेगावला कचोरीवाला खिडकीशी आला, मोठीआईनं दोन घेतल्या, एक गार निघाली तर तिनं त्याला गाडी सुटेपर्यंत बोल लावले. नांदुऱ्याला एक म्हातारी चढली, तिला जागा द्यायची की नाही यावर दोघांचं वाजलं. पलीकडच्या भिंतीवरून मशीनचा आवाज थांबला होता. थोड्या वेळानं जुबेदाचाची आपला पाट काखेत घेऊन दारात उभी राहिली, काही न विचारता बसली आणि तिनं एक दोरी वळायला घेतली. मलकापूर गेलं. अंगणातली सावली कडुलिंबाच्या बुंध्यापासून पडवीच्या पायरीपर्यंत आली. परात संपली तेव्हा गाडी भुसावळच्या बाहेर सिग्नलला उभी होती, आणि मोठीआई खिडकीतून बाहेरची केळीची बाग पाहत होती, जी तिनं खरोखरी आयुष्यात पाहिली नव्हती.

मी वही मांडीवर घेऊन बसले होते. बेचाळीस हा आकडा लिहिला होता. पुढे भूमिका नव्हती, गाणं नव्हतं. शेवटच्या रकान्यातल्या त्या खुणांवर मी रबर फिरवला होता, पण कागद तिथे खरखरीत झाला होता, अजूनही बोटाला लागतो. मला राहवलं नाही. मी विचारलं, "मोठेबाबा, मुंबई कधी येणार?"

मोठीआईनं शेवटचा सरगुंडा काडीवरून अलगद सोडवला आणि उन्हाकडे धरून पाहिला. मी वेढे मोजले. नऊ.

"घाई कोनाले हाये?" ती म्हणाली.